पिंजऱ्याची तपासणी

"बारा मिलिमीटर," दोन सळ्यांमधली मोजपट्टी काढून घेत बाई म्हणाल्या. "ठीक आहे."

म्हाताऱ्या घड्याळजींनी रोखून धरलेला श्वास सोडला. बाईंनी फॉर्मवर बारीकशी खूण केली. सोडवून आणलेले पक्षी सांभाळणाऱ्या संस्थेत त्या घरं तपासायचं काम करत. त्यांना घर पसंत पडलं तरच पक्षी मिळायचा. आणि त्यांना घर पसंत पडणं म्हणजे महाकर्मकठीण, असं त्यांचे सहकारी त्यांच्या पाठीमागे म्हणत.

टेबलावरच्या खोक्यात पोपट खुडबुडत होता. दोन घरं करून तो परत आला होता. पहिल्या घरी त्याने चोचीने पिंजऱ्याची कडी उचलली आणि तो मांजराच्या तावडीतून थोडक्यात वाचला. दुसऱ्या घरी चालू पंख्यात सापडला. उजवा पंख कायमचा वाकडा झाला. दोन्ही घरांच्या फॉर्मवर सही बाईंचीच होती. ते त्यांना झोपेतही विसरता येत नव्हतं. तिसऱ्यांदा असं होऊ द्यायचं नाही, म्हणून आज त्या खोट काढायच्या तयारीनेच आल्या होत्या.

पण खोट सापडेना. सळ्या स्टीलच्या होत्या. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी पोपट चोचीने सोलतो आणि विष पोटात जातं, हे घड्याळजींना पाठ होतं. बसायच्या दांड्या कुठे जाड, कुठे बारीक, म्हणजे पाय अवघडत नाहीत. पाण्याची वाटी दांडीच्या बरोबर खाली नव्हती, त्यामुळे विष्ठा पाण्यात पडणार नव्हती. पिंजऱ्याची पाठ भिंतीला, स्वयंपाकघर लांब, ऊन अंगावर नाही. पंख्याची तर पातीच उतरवून ठेवली होती. एवढ्या उकाड्यात! बाईंच्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या. त्यांनी पिशवीतून टोकदार पकड काढली आणि पोपट चोचीने करील तशी कडीशी पाच मिनिटं झटापट केली. कडी आधी दाबायची, मग फिरवायची, मग उचलायची. पोपटाचं सोडा, बाईंनीच हात टेकले.

"किती दिवस लागले हे करायला?"

"दोन महिने," घड्याळजी म्हणाले. "आता शेवटचाच प्रश्न राहिला ना?"

"एवढी घाई कसली?"

घड्याळजी चष्मा पुसत राहिले. बाईंनी पान उलटलं. भल्याभल्यांचं घोडं इथेच अडायचं.

"काका, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर. हा आणखी तीस-चाळीस वर्षं जगेल. तुमच्यामागे त्याला कोण सांभाळणार? त्या माणसाचा होकार मला आत्ता, माझ्या कानांनी ऐकायला हवा. नाहीतर पक्षी परत जाईल."

"मुलगा आहे." घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. नंबर तोंडपाठ होता, तरी बोट दोनदा चुकलं. त्यांनी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. रिंग वाजत राहिली. वाजून वाजून थांबली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं.

"एकदा. आणखी एकदाच." घड्याळजींनी पुन्हा नंबर लावला. या वेळी फोन उचलला गेला.

"मी बोलतोय," घड्याळजी म्हणाले.

"बाबा? काय झालं? कुठे आहात, दवाखान्यात?"

"घरी आहे. धडधाकट आहे. पोपट घेतोय."

"काय घेताय?"

घड्याळजींनी फोन बाईंकडे सरकवला. मग बाईंनीच काय ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "वडिलांच्या मागे या पोपटाला सांभाळाल का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हो. लिहा माझं नाव," मुलगा म्हणाला. "बाबांना द्या जरा."

घड्याळजींनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून ते खिडकीशी गेले. बाईंना त्यांची पाठ दिसत होती आणि अधूनमधून "हं" ऐकू येत होतं. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. खाली छापलेलं होतं, 'हा पक्षी मी हौसेने व स्वखुशीने घेत आहे.' घड्याळजींनी ते वाचलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"खोट्यावर सही नाही करवत हो," ते म्हणाले. "मला पोपटाची हौस नाही. कधीच नव्हती. चार वर्षांपूर्वी रागाच्या भरात मी मुलाला म्हणालो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. जन्मात माझं काही ऐकलं नाही त्याने, नेमकं तेवढं ऐकलं. तेव्हापासून फोन करायला निमित्त शोधतोय. मग तुमच्या पत्रकात ही अट वाचली. फोन सक्तीचा. म्हटलं, आता तरी करावाच लागेल."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि खोका उचलला.

"एका फोनसाठी या मुक्या जिवाला वेठीला धरलंत?" पोपटाला मुका म्हणण्याइतक्या त्या संतापल्या होत्या. "दोनदा मरता मरता वाचलाय तो! झाला ना तुमचा फोन? आता हा मी तुम्हाला का म्हणून द्यायचा, सांगा!"

घड्याळजी दारात आडवे आले.

"रविवारी तो घरी येतोय, बाई," ते म्हणाले. "पोपट बघायला."