धुण्याचा दगड

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा बरं: चामराजपेटेतल्या एका घराचं परसदार आणि विटांवर टेकवलेला, बदामीकडून आणलेला धुण्याचा दगड. घरी वॉशिंग मशीन आलं, तसा दगड न्यायला टेम्पो दाराशी उभा राहिला.

भव्यानं दगडावरच्या वळ्यांवरून बोट फिरवलं. "आजोबा, या कुणी कोरल्या?"

"उथळ समुद्राच्या पाण्यानं, वाळूवर. पुढं त्या वाळूचाच दगड झाला."

तिनं वाकून विटांमधून दगडाच्या खालच्या बाजूला पाहिलं. "आणि ही जाळी?"

"त्याआधी पाणी आटलं होतं. चिखल तडकला, भेगांत वाळू भरली. मग पाणी परत आलं."

"भव्या, बाजूला हो! माणसं दगड उचलतायत," अम्मा ओरडली.

भव्यानं चपला काढल्या, फ्रॉक गुडघ्यांवर धरला आणि ती दगडावर चढली.

"अम्मा, स्वल्प थांब. मी समुद्रात आहे!"