दोन्हीकडून खिळे

थोरल्या मेहुण्यानं फळीला अंगठ्यानं रेटून पाहिलं. फळी केसभर सरकली.

"भावजी, ही हलतेय."

"हलायलाच हवी, दादा," जावई म्हणाला. तो सुतार होता. दिवाणखान्याच्या मधोमध लाकडी चौकट उभी करून सकाळपासून तिच्यात पाइनच्या पातळ फळ्या बसवत होता. दोन भावांची घरं वेगळी होत होती आणि मध्ये आडोसा घालायला दोघांनाही हाच माणूस निःपक्षपाती वाटला होता, कारण दोघांनीही त्याला आजवर सारखंच कस्पटासमान लेखलं होतं. "पाइन आहे, त्यातून एवढी पातळ. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. म्हणून कडेनं फट सोडायची. खिळे पट्टीतून चौकटीत मारायचे, फळीला लावायचे नाहीत. नुसती दोन पट्ट्यांच्या मध्ये उभी असते ती."

"म्हणजे पट्टी काढली की फळी निघते?"

"निघते."

"कोणाच्याही बाजूनं?"

प्रश्नाचा रोख जावयाच्या जरा उशिरा लक्षात आला. "पट्ट्या दोन्हीकडून आहेत. तुम्हीच दोघांनी मागितल्या होत्यात."

चौकटीचं एकच घर अजून मोकळं होतं, दाराएवढं उंच. त्यात सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुढचे पाय धाकट्याच्या फरशीवर, मागचे थोरल्याच्या. त्यांच्या डोक्यावरून धाकट्यानं मान आत घातली.

"म्हणजे आम्ही चार दिवस बाहेर गेलो की हे पट्टी काढून आत?"

"तुझ्याकडे आहे काय आत यायला?"

"मग मारू दे की खिळे आरपार!"

"मारा, भावजी. पट्टी, फळी, पट्टी. दोन्हीकडून मारा."

"दादा, जखडून ठेवली तर ती आक्रसणार कुठे? पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध फुटेल."

"फुटली तर फुटू दे. सुटायला नको."

"या बाबतीत माझं आणि दादाचं एकमत आहे," धाकटा म्हणाला.

वडील गेल्यापासून घरातलं हे पहिलंच एकमत. जावयानं त्याचा मान राखला. एकेक फळी त्यानं खिळ्यांनी आवळत नेली. आता राहिलं ते मोकळं घर, आणि त्यातली खुर्ची.

व्हरांड्यात उघडणारी दारं दोन होती म्हणून ती एकेक वाटून झाली होती. खिडक्या वाटल्या होत्या. फळ्यांची गुळगुळीत बाजूसुद्धा एकाआड एक दोघांच्या वाट्याला आली होती. आई कोणाकडे राहणार हा विषयही निघाला होता, पण "आई काय कुठे पळून चाललीय?" असं म्हणून दर वेळी तो मागे पडला होता.

"आई, जरा सरक ना," थोरला म्हणाला.

"कुठल्या अंगाला?"

थोरल्यानं धाकट्याच्या बाजूला बोट दाखवलं.

"तिकडे बस. तिकडे वारा चांगला येतो."

"वाऱ्यानं गुडघे धरतात तिचे," धाकटा म्हणाला. "दादाकडे ऊन येतं. उन्हात बरं वाटेल तिला."

ऊन तासभरच येतं आणि तेही नुसतं भिंतीवर, असं थोरल्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातून कळवलं.

सासूबाईंनी मान वर करून जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, तुमच्याकडे सगळं ठीक?"

"ठीक आहे, आई."

"खोल्या दोनच ना अजून?"

"दोनच."

'चला आमच्याकडे' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण निघताना बायकोनं, म्हणजे सासूबाईंच्याच लेकीनं, डबा हातात देताना बजावलं होतं, "काम करून या. माणूस आणू नका." जावई पेन्सिल शोधायला लागला. ती त्याच्या कानावर होती. सासूबाईंना ती दिसत होती.

त्या उठल्या. खुर्ची स्वतःच उचलली, कोणाच्या दारातून बाहेर पडतो आहोत हेही न बघता व्हरांड्यात नेली आणि दोन दारांच्या मधल्या भिंतीला टेकवून बसल्या.

"तिथे बरी आहे ती," थोरला म्हणाला.

"वारा, ऊन, दोन्ही आहे," धाकटा म्हणाला. आज एकमताला चांगलीच धार आली होती.

शेवटची फळी उभी राहिली. खिळे दोन्हीकडून मारायचे, त्यामुळे जावयाला व्हरांड्यातून ये-जा करावी लागत होती. दर खेपेला सासूबाई पाय आखडून घेत आणि वाट देत. पहिल्या खेपेला त्यानं "बसा, बसा" म्हटलं. नंतर नुसताच गेला.

काम संपलं. थोरल्यानं फळी अंगठ्यानं रेटून पाहिली. जागची हलली नाही. मग खात्री करायला म्हणून त्यानं बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केली. पलीकडून धाकट्यानंही केली, जरा जोरात. भरीव, घट्ट आवाज आला. दोघांचंही समाधान झालं.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, या घरात वर्षानुवर्षं येत असे तसाच.

"कोण आहे? या ना, आत या. दार उघडंच आहे."