उज्वलाचं लातूरचं काम

तव्यावरची भाकरी उलटताना वैजनाथची बोटं पुन्हा पोळली. उज्वला शेजारीच उभी होती. तिनं हात पुढं केला नाही.

"पाण्याचा हात कमी पडला," ती म्हणाली. "उद्या जमंल."

बाहेरच्या खोलीत त्यांची तनुजा शिल्पाआत्याला सांगत बसली होती. शिल्पा म्हणजे वैजनाथची धाकटी बहीण. मुखेडहून दिवाळीला आलेली. वर्षभर तिचं अहमदपूरला येणं झालं नव्हतं, त्यामुळं नववीतल्या तनुजाला काय सांगू नि काय नको असं झालं होतं. मोंढ्याच्या बाजारातल्या बाबांच्या दुकानात यंदा हंगामभर फवारणीचे पंप दुरुस्तीला येतच राहिले. ती स्वतः कॅरममध्ये जिल्ह्यापर्यंत जाऊन आली. आजी व्हिडिओ कॉल लावायला शिकली. बाबांना स्वयंपाकाचा शौक लागला. आणि मे महिन्यात सगळे गणपतीपुळ्याला जाऊन आले! तिथं साखराबाई आजीनं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला नि विचारलं, "एवढं पाणी कुणाच्या वावरातलं?"

सगळे हसले. आतून वैजनाथही हसला.

निघताना शिल्पा दारात त्याच्यापाशी थांबली.

"दादा, वैनी लई वाळली रे. दवाखान्यात दाखवलंस का?"

"कामाची दगदग. दुसरं काय?"

"आन् केस का कापले?"

"धुवायला सोपं जातं म्हणती."

शिल्पानं त्याच्याकडं पाहत पिशवी उचलली.

तिला गाडीत बसवून वैजनाथ दुकानात आला. खोललेला पंप पुढ्यात घेऊन तो तसाच बसून राहिला. तनुजानं सांगितलेलं वर्ष त्याला आता वेगळंच दिसायला लागलं.

स्वयंपाकाचा शौक त्याला कुठला? उज्वलानंच तो मागं लागून लावला होता. "आपलं आपल्याला आलं पायजे," म्हणायची. आईला मोबाइल तिनंच शिकवला. कपाटाच्या किल्ल्याही तिनं आपल्या हातानं आईच्या कमरेला खोचल्या. शाळेच्या मीटिंगला "आता तुमीच जात जा" म्हणाली. पहाटे उठून फिरायला जायची नि घामाघूम होऊन यायची.

समुद्राचा हट्टही तिचाच. लग्न झालं तेव्हा नोकरीचं विचारत होती. "घरी काय कमी हाय?" म्हणून त्यानं तो विषय तिथंच मिटवला. त्यानंतर इतक्या वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं. यंदा समुद्र मागितला. जाताना घाटात कुणी डोळे मिटून बसलं होतं, कुणी पिशवीत तोंड घालून. उज्वला तेवढी पुढच्या सीटवर ताठ बसून रस्ता बघत होती.

"आई, झोप की जरा," तनुजा म्हणाली.

"बघू दे गं. हे पुन्हा कधी मिळंल?"

आणि मधूनमधून लातूर. "काम हाय," एवढंच सांगून जायची. यायची ती दमून. पण चेहऱ्यावर अशी काही शांतता असायची, की विचारायचं राहूनच जायचं. खरं म्हणजे त्याला विचारायची भीती वाटायची.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ती पुन्हा निघाली. वैजनाथनं दुकान उघडलं नाही. मोटरसायकल काढली आणि एसटीच्या मागोमाग लातूर गाठलं. स्टँडवर उतरून ती रिक्षात बसली. रिक्षा थांबली ती सरकारी दवाखान्याच्या दारात.

मोटरसायकल फाटकाबाहेरच लावून तो तिच्या मागोमाग आत शिरला.

ती एक्स-रे काढायला गेली, तिथून डोळ्यांच्या डॉक्टरकडं, तिथून आणखी कुठं. तो लांबूनच बघत राहिला. मग एका बाकावर टेकला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, कोपराच्या खोबणीत कापूस दाबून धरलेला. त्याला पाहून जागीच थबकली.

"तुमी? हितं?"

"किती दिवस लपवणार व्हतीस, उज्वला?"

तिचा चेहरा उतरला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? मला दिसत न्हाई व्हय?"

"मी सांगणारच व्हते. आधी पक्कं व्हऊ दे म्हणलं."

"मग? झालं पक्कं?"

"हाव. आत्ताच मोठे डॉक्टर म्हणाले. आता पुढच्या महिन्यात जावंच लागंल."

वैजनाथनं बाकाची कड घट्ट धरली.

"असं कसं जावं लागंल? हैदराबादला जाऊ. मुंबईला दाखवू. दुकान इकू वाटलं तर. पण आमाला भाकरी शिकवून, किल्ल्या देऊन तू अशी निघून जायाची... हे मला चालायचं न्हाई."

बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. दोन्ही हातांत तोंड लपवून तो लहान पोरासारखा रडायला लागला. येणारेजाणारे थांबून बघू लागले. उज्वला गोंधळून त्याच्याकडं पाहत राहिली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. ती त्याला खेटून बसली, आणि भर दवाखान्यात, सगळ्यांदेखत तिनं त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"अहो, इकडं बघा. मी मराया न्हाई निघाले," ती म्हणाली. "एसटीची ड्रायव्हर व्हाया निघाले."