इंजिनात दम नाही

गॅरेजवाले काका आठवडाभर कॉम्प्युटरवर दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान उडवत होते. विमान दणकट, गोळ्यांनी चाळण झाली तरी पडायचं नाही. पण वर चढायचं म्हटलं की धापा टाकायचं, आणि शत्रू डोक्यावरून येऊन झोडपून जायचा.

आज पुन्हा हरल्यावर काकांनी तीच लढाई पडद्यावर परत लावली आणि विमान बनवणाऱ्याचा यथेच्छ उद्धार केला. "इंजिनातच दम नाही याच्या! नाहीतर आमची गिऱ्हाइकं! हँडब्रेक ओढून गाडी पळवतात आणि इंजिनाला नावं ठेवतात. सकाळीच झापलं एकाला!"

चहा ठेवायला आलेल्या काकू पडद्याकडे वाकून बघत राहिल्या.



"अहो, या विमानाची चाकं उडतानाही बाहेरच ठेवायची असतात का?"