आतलं माप

"स्वेटरावरून ह्या जाकिटाचे पट्टे लागत न्हाईत," नवरा काठावर कुरकुरला.

"मग राहू द्या ते. पाण्यात पडाल तवा पडाल, थंडी तर आत्ताच हाय," सगुणा म्हणाली. दिवाळीपासून खपून तिने तो जाड स्वेटर विणला होता. लाइफ जॅकेट काठावरच राहिलं, आणि जाळं काढायला निघालेली होडी धरणावरच्या धुक्यात दिसेनाशी झाली.

ती तिथेच थांबली. वल्ह्याचा आवाज येत होता तोवर ठीक होतं. मग धप्पकन काहीतरी आदळलं आणि वल्हं गप्प झालं. तिने हाका मारल्या; ओ आली नाही. तिच्या ओरडण्याने शेजारची होडी धावली. नवरा उलट्या होडीला चिकटलेला सापडला. पट्टीचा पोहणारा, पण गारठ्याने हातपाय लाकडासारखे झालेले, तोंडातून शब्द फुटेना. स्वेटर इतकं पाणी प्यायला होता, की त्या होडीतल्या दोघांना नवरा वर उचलवेना; कसाबसा आत ओढून घेतला.

घरी कोरड्या गोधड्यांत गुंडाळला, तरी कुडकुडण्याइतकीही धग त्याच्या अंगात उरली नव्हती. सगुणेच्या जिवाला थारा नव्हता. हाताला काहीतरी हवं म्हणून ती ओला स्वेटरच भराभर उसवायला लागली. लोकरीतून पाणी ठिबकत राहिलं. अखेर गोधडीखाली दात वाजायला लागले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"उसवतीस का गं? चांगला उबदार व्हता," तो पुटपुटला.

"पातळ विणते. उठलात की आधी ते जाकीट चढवा," ती म्हणाली. "मला माप त्याच्या आतलं घ्यायचंय."