गोळीचे डाग

हृदयाची झडप बदलल्यापासून आबांची लेक ज्योत्स्ना रक्त पातळ करायची गोळी घेत होती. दंडावर निळे डाग उठले की जावई म्हणायचा, "मामा, गोळीच तशी आहे, नुसता हात लागला तरी डाग पडतो." आबांनी ते खरं धरलं, भावकीत जावयाचं कौतुकही केलं. कापूसवेचणीमुळे जावयाला सवड नव्हती, म्हणून आज रक्ततपासणीला लेकीला घेऊन आबाच धुळ्याला आले. रिपोर्ट बघून लॅबवाल्या बाई चमकल्या. "आबा, हिचं रक्त पातळ झालेलंच नाही. गोळी चुकते का?" "गोळ्या दसऱ्यालाच संपल्या. यांनी पुन्हा आणल्याच नाहीत," ज्योत्स्ना पुटपुटली. आबांनी तिची बाही वर सारली. डाग त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिले. पाचही बोटं उमटली होती. "पोरी, बापाला सांगितलं का नाहीस?" तिने बाही खाली ओढली. "माले वाटनं, आबा, तुमले ठाऊक शे."