आंबोलीच्या शिबिरातली भरती

बिथरलेल्या मुलांच्या या जंगलातल्या शिबिरात आईबापांना नोकरी देत नसत, म्हणून सुलभा माहेरचं आडनाव सांगून आली होती. दिवाळीपासून तिनं लेकीला पाहिलं नव्हतं. मुलींना सांभाळणाऱ्या ताईची जागा मिळाली, तर लेक इथे रोज दिसणार होती.

ताईच्या आणि मुलीच्या मनगटावर जोडपट्टा असे. मुलीला लागलं की ताईलाही तेवढंच दुखे. सुलभा दात आवळून सोसायचा सराव करून आली होती.

शिबिराच्या डॉक्टर टिल्लूंनी चाचणीला नेमकी तिची केतकीच आणली. केतकीनं आईला ओळखलं, पण ओळख दिली नाही. दोघींना पट्टे बांधताच तिनं जांभळाच्या खोडावर मूठ हाणली.

कळ सुलभाच्या खांद्यापर्यंत गेली. ती हसत राहिली.

केतकीनं पुन्हा हाणली. मग आईकडे रोखून बघत, आणखी जोरात.

"पुरे गं!" टिल्लूंनी सुलभाचा पट्टा सोडला. "तुम्ही नाही चालणार, बाई. आम्हाला ओरडणारी माणसं लागतात. समोरचं माणूस कळवळलं, की पोरं थांबतात."

"मी ओरडेन ना, सर! पुन्हा बघा."

"हा दगड कुठून आणलात?" केतकीनं आईकडे बोट दाखवत टिल्लूंना विचारलं.

पट्टा पुढच्या उमेदवाराला बांधला. पहिल्याच ठोशाला ती बाई किंचाळून मटकन खाली बसली. केतकी धावली. तिचा हात ओंजळीत घेऊन फुंकर घालू लागली.

"सॉरी ताई. खूप लागलं?"

सुलभाच्या हातात आता काहीच दुखत नव्हतं.